कापलेलं भांडण

"यातली खरी कुठली, खोटी कुठली, ओळखा बघू वहिनी," असं म्हणून आमच्या खेळांची सीडी काढणाऱ्या तोडकरांनी दोन सीड्या टीपॉयवर माझ्यापुढे टाकल्या.

दोन्ही पाकिटांवर आम्हीच होतो. आमच्या मंगळागौर मंडळाच्या बायका, नऊवारी नेसून, नथी घालून, अर्धगोल करून उभ्या. मधोमध माझ्या सासूबाई, आक्का, कमरेवर हात ठेवून, फोटो काढणाऱ्यावरच रागावल्यासारख्या. वर पिवळ्या अक्षरांत नाव, 'गौर जागली'. कोपऱ्यात तो चकाकणारा चौकोनी शिक्का, हलवला की रंग बदलणारा. अस्सल मालाची खूण म्हणून लावतात ना, तो. तोही दोन्हींवर होता.

माझ्या शेजारी हेमा गिजरे बसली होती. झिम्म्यात तिचा हात धरणारी मंडळात कुणी नव्हती आणि बोलण्यात तर नव्हतीच. तिनं दोन्ही पाकिटं उचलून खिडकीपाशी नेली, उजेडात धरली.

"ही खोटी," ती ठामपणे म्हणाली. "हिच्यात माझा शालू विटका दिसतोय."

"ती माझी हाय," तोडकर म्हणाले. "कंपनीची. दुसरी काल तुमच्या कराडच्या स्टँडवर घेतली."

"अगंबाई! म्हणजे तुमच्यापेक्षा चोरांची छपाई बरी की हो."

एरवी सगळे हसले असते. त्या दिवशी कुणी हसलं नाही. माझे यजमान समोरच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते, कारण तोडकर कोल्हापूरहून कशासाठी आले होते ते आम्हाला कळून चुकलं होतं.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच यांचं दुकान. बाहेर 'मोरेश्वर व्हिडिओ' अशी पाटी. हे लग्नामुंजींची शूटिंग करायचे आणि लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घालून त्यांच्या सीड्या करून द्यायचे. कराडात तेव्हा असं मशीन दोघातिघांकडेच होतं.

यांनी स्टँडवरची सीडी पाकिटातून काढली आणि उलटी करून तोडकरांपुढे धरली.

"ही खालची बाजू बघा. चांदीसारखी पांढरी. माझ्या मशीनवर निघते ती खालून निळसर दिसते. ही बघा, ही माझी." त्यांनी कपाटातून कुणाच्या तरी बारशाची सीडी काढून शेजारी ठेवली. फरक मलासुद्धा दिसला. "तुमची ही खोटी सीडी कारखान्यात छापलेली आहे, तोडकर. माझ्या घरात कारखाना आहे का?"

"कारखाना नसंल. पण कारखान्याला पहिली प्रत कुणीतरी दिलीच असंल की."

"ती मी दिली?"

"मी कुठं म्हणतोय? तुम्हीच हिशेब करा." तोडकर पुढे सरकले. "मी सीडी बाजारात आणली संक्रांतीच्या तोंडावर. त्याच्या आधीच स्टँडवर खोट्या विकायला लागल्या. आधी, कळलं? म्हंजे माझा माल दुकानात यायच्या आधी ज्याच्याकडं ती होती त्याचंच हे काम. आणि तेव्हा ती दोनच ठिकाणी होती. माझ्या ऑफिसात, आणि तुम्हाला बघून पसंती द्या म्हणून पाठवली होती, ती इथं. या खोलीत. या मशीनशेजारी."

हेमा म्हणाली, "तुमच्या ऑफिसातून गेली नसेल कशावरून?"

"ताई, मी माझंच दुकान लुटीन व्हय?"

तसा तोडकर वाईट माणूस नव्हता. त्याचंही नुकसान झालंच होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून बायकांनी त्या वर्षी आरसे-कंगवे सोडून आमची सीडीच लुटली होती, आणि त्यातल्या किती खऱ्या नि किती स्टँडवरच्या, देव जाणे. पण तो तेवढ्यावर थांबला नाही.

"तुमच्या मंडळाची ठरलेली दुसरी सीडी आता रद्द. आणि उद्या पोलिसात तक्रार देतो. नाव लिहावं लागंल. आज आलो ते जुनी ओळख म्हणून. कबूल करा, कुणाला दिली ते सांगा, मिटवू."

"मी दिलेलीच नाही तर कबूल काय करू?" हे म्हणाले. आवाज चढला नाही यांचा. यांचा आवाज कधी चढायचाच नाही, आणि अशा वेळी नेमका तोच माणूस अपराधी वाटतो.

"चहा टाकते," म्हणून मी उठले.

स्वयंपाकघरात आक्का पाटावर बसून पावटे सोलत होत्या. मधे नुसता पडदा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सत्तरी उलटली होती, पण कान तिखट.

"काय म्हणतोय तो कोल्हापूरकर?"

"ऐकलंत ना."

"मोरू गप्प का बसलाय?"

मी चहाचं आधण ठेवलं. तेवढ्यात मागच्या दारी बांगड्या वाजल्या. समोरच्या घरातल्या बेबीताई डुबल, हातात करंडा.

"आक्का, सांजच्याला हळदीकुंकवाला या बरं का," दारातूनच त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "आणि सूनबाई, येताना पदर सावरून या गं बाई! न्हाईतर आक्का गरजायच्या!"

आणि तोंडाला पदर लावून खिदळत गेल्यासुद्धा.

आक्कांचा हात शेंगेवरच थांबला. चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"हिला कुणी सांगितलं ते? शरयू, तू?"

"नाही हो आक्का."

"मग हेमानं. तिच्या पोटात काही राहत नाही."

"हेमा नाही सांगणार. तुम्ही सगळ्यांना शपथ घातली होतीत."

शपथ घातली होती ती अशी. दिवाळी झाल्यावर कोल्हापुरात एका मंगल कार्यालयात आमचं शूटिंग झालं होतं. फुगड्या झाल्या, पिंगा झाला, मग आमच्या मंडळाचा हातखंडा खेळ आला, सासूसुनेचं भांडण. दोन बायका समोरासमोर उभ्या राहून गाण्यात भांडतात. पहिली ओळ ठरलेली, पुढचं जिचं तिनं मनानं जोडायचं. आमच्याकडे त्यात एक गंमत होती. आक्का व्हायच्या सून आणि मी सासू. खऱ्या सासूला सून होऊन बोलणी खाताना बघून बायका लोटपोट व्हायच्या. आक्काही रंगून उत्तरं द्यायच्या.

त्या दिवशी दिवे, कॅमेरा, अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. ठरलेलं बोलून संपलं आणि माझ्या तोंडात आपोआप पुढचं आलं. 'दूध उतू गेलं, लक्ष कुठं असतं? एक हाक मारली की ऐकू येत नाही, माहेरी बहिऱ्या होत्या का सगळ्या? माझ्या लेकाच्या अंगावर मूठभर मांस नाही, पानात वाढतेस काय?' एकेक वाक्य मी गात होते नि हात नाचवत होते, आणि हेमानं हसता हसता खाली बसून घेतलं, कारण ती सगळी वाक्यं आक्कांची होती. लग्न होऊन आल्यापासून मी ती ऐकत होते. मला ती अशी पाठ आहेत हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

आक्कांच्या ते हळूहळू ध्यानात आलं. सुनेनं खाली मान घालून उत्तर द्यायचं होतं. आक्कांची मान ताठ झाली. त्या खेळ विसरल्या, कॅमेरा विसरल्या, आणि आमच्या स्वयंपाकघरात निघतो तो आवाज त्या कार्यालयात घुमला. "शरयू! मोठ्यांशी बोलतेस, पदर सावर आधी! मी असं कधी बोलते गं?"

माझा हात झटकन पदराकडे गेला. सगळे हसत सुटले. दिवे धरणारी माणसंसुद्धा. आक्का तरातरा चालत बाहेर गेल्या, आणि ते सगळं पुसल्याशिवाय पुढचा खेळ खेळणार नाही म्हणून बसल्या. तोडकरांनी त्यांना शब्द दिला की कापून टाकू. आक्कांनी आम्हा बायकांना शपथ घातली, गावात एक अक्षर काढायचं नाही. आणि तोडकरांनी शब्द पाळला होता. पसंतीसाठी आलेली सीडी आम्ही इथे याच घरात सगळ्या मिळून बघितली. भांडण ठरलेल्या ओळींपाशी संपत होतं आणि लगेच झिम्मा सुरू. आक्कांनी ती परत मागे नेऊन खात्री करून घेतली होती.

चहा उकळून वर आला तरी मी तशीच उभी होते.

"अगं, उतू जातंय! लक्ष कुठं..." आक्का म्हणाल्या, आणि एकदम थांबल्या.

मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर खाली बसले.

"आक्का, बेबीताईंना कुणी सांगितलं नाही. त्यांनी बघितलंय."

"काय बघितलंय?"

"तुम्ही माझ्यावर ओरडलात ते. त्यांना वाणात मिळाली ती सीडी स्टँडवरची असणार. त्या खोट्या सीडीत ते आहे. खरीत नाही."

"म्हणजे गावभर..."

"गावभर बघत असतील. पण आक्का, ऐका ना. आपल्याकडे आली ती कापलेली. कापलेल्यावरून न कापलेली कशी निघेल? चोरी झाली ती कापायच्या आधी. कोल्हापुरातच. यांचा काही संबंध नाही, आणि हे आत्ता, इथे, टीव्हीवर दाखवता येईल."

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. कळलं म्हणूनच त्यांनी मान हलवली.

"नाही."

"आक्का!"

"त्या परक्या माणसासमोर? मोरूसमोर? मी सुनेवर खेकसतेय, आणि सगळे दात काढताहेत. नाही लावायचं. दुसरं काहीतरी सांग त्याला."

"दुसरं काही नाहीये हो."

"मग नुसतं तोंडानं सांग."

"आपल्या तोंडावर त्याचा विश्वास असता तर तो आला असता का?"

त्यांनी शेंगा पुढे ओढल्या आणि सोलायला लागल्या. दाणे टोपलीत आणि सालंही टोपलीतच पडत होती. मी त्यांच्यावर जबरदस्ती करू शकत नव्हते. त्या घरात ते कुणालाच जमलेलं नव्हतं. बाहेर तोडकरांचा आवाज वाढला. पुढचं दार सताड उघडं होतं, आळीत दोन-चार माणसं रेंगाळलेलीही मला पडद्याच्या फटीतून दिसली.

"पोलीस पहिलं काय बघतील, मशीन कुणाच्या घरात हाय ते! आणि आता लग्नसराई आली तुमची. चोराला मांडवात कोण उभं करणार, सांगा की! चोराच्या हातात पोरीच्या लग्नाचा कॅमेरा कोण देणार?"

आक्का उठल्या. पावट्याची टोपली कलंडली, दाणे फरशीभर पसरले. त्यांनी वळूनही बघितलं नाही. पडदा बाजूला सारून त्या पुढच्या खोलीत गेल्या आणि मी चहाविनाच त्यांच्यामागे.

"तोडकर," आक्का म्हणाल्या, "ती स्टँडवरची लावा."

"आक्का, नमस्कार. अहो, मी बघितलीय ती."

"किती बघितली?"

"पाच-दहा मिनिटं. तीच हाय."

"सगळी का नाही बघितली?"

तोडकर जरा ओशाळले. "आता बायकांचे खेळ... ते फुगड्या बिगड्या... म्हंजे तेच की हो सगळं."

"आणि तुमची स्वतःची? ती तरी सगळी बघितलीत?"

"ती मेहुणा बघतो. कापाकापी, जोडाजोडी सगळं त्योच करतो."

"विकायला काढलेला माल एकदा बघवत नाही, आणि दुसऱ्याच्या घरी येऊन चोर म्हणता," आक्का म्हणाल्या. "मोरू, लाव. पहिल्यापासून."

यांना काहीच कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. आक्का टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसल्या, लग्नाच्या मांडवात विहीण बसते तशा. हेमा माझा हात घट्ट धरून कुजबुजली, "ते?" मी म्हटलं, "तेच." तिनं दुसरा हात तोंडावर ठेवला.

गणेशाची ओवी झाली. फुगड्या सुरू झाल्या. तोडकर चुळबुळले.

"जरा पुढं घ्या की मोरेश्वरराव."

"पुढं घ्यायचं नाही," आक्का म्हणाल्या. "बसा. फुगडी कशी घालतात ते तरी कळेल."

तोडकर बसले. आळीतली माणसं दाराशी आली. कुणी त्यांना हाकललं नाही. बेबीताईही चपला काढून उंबऱ्याशी टेकल्या. फुगड्या, पिंगा, सगळं ओळीनं झालं आणि मग भांडण सुरू झालं. पडद्यावर मी कमरेवर हात ठेवून उभी, समोर आक्का सुनेचा भाव आणून. ठरलेल्या ओळी झाल्या. खऱ्या सीडीत जिथे संपायचं ते आलं.

संपलं नाही.

मी बोलत सुटले होते. दूध उतू गेलं, माहेरी बहिऱ्या, मूठभर मांस. माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. हे टीव्हीकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग आईकडे, आणि मग नजर कुठे ठेवावी ते न कळून परत टीव्हीकडे. आक्का ताठ बसून बघत होत्या. पडद्यावरच्या आक्कांची मान ताठ झाली. "शरयू! मोठ्यांशी बोलतेस, पदर सावर आधी!"

दारातली माणसं खदखदून हसली. तोडकरांनाही आवरलं नाही. मांडीवर थाप मारून ते हसले, आणि हसता हसता मधेच त्यांचा चेहरा उतरत गेला.

"हे... हे तर कापलं होतं," ते म्हणाले.

"तुम्हीच शब्द दिला होता," आक्का म्हणाल्या. "आता यांची खरी लाव, मोरू. हिची फक्त तेवढी जागा दाखव."

यांनी लावली. ठरलेल्या ओळी, आणि लगेच झिम्मा.

मी म्हटलं, "आम्हाला पसंतीला पाठवलीत ती अशी, भाऊ. कापलेली. जे आमच्या घरी कधी आलंच नाही, ते आमच्या घरातून जाईल कसं? ज्याच्याकडे न कापलेलं होतं, त्यानंच ते विकलं."

"न कापलेलं कुणाकडं होतं, तोडकर?" यांनी पहिल्यांदाच सरळ त्यांच्याकडे बघून विचारलं.

तोडकरांनी रुमालानं मान पुसली. "संजयकडं."

"संजय कोण?" आक्का.

"मेहुणा."

"अरे देवा!" हेमाचा आवाज वरच्या सुरात गेला. "म्हणजे चोरांची छपाई बरी का, ते आत्ता कळलं! घरचाच माणूस, फोटोसुद्धा पहिल्या हातचा!"

आता मात्र सगळे हसले. तोडकर उठले, यांच्यापुढे हात जोडले. "मोरेश्वरराव, चुकलं माझं. माफ करा. त्याची आई माझी सासू हाय, पण त्याला सोडत नाही. आणि दुसरी सीडी तुमच्याच मंडळाची होईल. हा शब्द."

हे भलेच. लगेच "असू द्या, असू द्या" म्हणायला लागले.

"असू द्या कशाला?" आक्का उठून उभ्या राहिल्या. "चोर कसं म्हणालात मघाशी, तोडकर? सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. आता हेही तसंच म्हणा. या, बाहेर ओट्यावर या."

तोडकर माणूस मोठा खरा. चपला न घालताच ओट्यावर गेला. आम्ही सगळे मागे. आळी गोळा झालीच होती. कोल्हापुरी आवाज त्याचा, तालमीतला.

"ऐका हो मंडळी! मोरेश्वर करंबेळकरांचा या खोट्या सीड्यांशी काही संबंध न्हाई! मी त्यांना चोर म्हणालो ते साफ खोटं! चोर माझ्या घरात निघाला! माझ्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग या फाल्गुनात मोरेश्वररावच करतील!"

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. आणि त्या गर्दीतून, मागून कुठून तरी, एक बाईमाणूस ओरडलं, "आक्का, पदर!"

आळीत आक्कांच्या तोंडावर असं बोलायची कुणाची छाती नव्हती. बेबीताई जीभ चावून दुसरीकडे बघायला लागल्या. मी आक्कांकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या तरातरा आत जातील.

आक्का ओट्याच्या कडेला पुढे झाल्या. कमरेवर हात ठेवले.

"हसा," त्या म्हणाल्या. "मी बोलते तशी. रोज बोलते. आत्ता बघितलं मी टीव्हीवर, ही हुबेहूब माझ्यासारखी बोलली. त्या दिवशी भांडण अर्धंच राहिलं होतं आमचं. जिंकली ही. माझी सून."

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी मान वळवली, आणि तोच आवाज, कार्यालयात घुमला होता तो, अख्ख्या आळीवर सोडला.

"शरयू! मोठी माणसं उभी आहेत, पदर सावर आधी!"

माझा हात झटकन पदराकडे गेला. मी काय केलं ते मला कळेपर्यंत सगळी आळी हसत होती. तोडकर, हेमा, हे, बेबीताई, आणि सगळ्यांच्या वर आक्का, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, माझ्या खांद्याला धरून.